भैरूचं नाक

"फोटो?" आप्पा मास्तरांनी माझ्यापुढे हात पसरला. हात कोपरापर्यंत मातीनं भरला होता.

"फोटो नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांनी हात मागे घेतला, कमरेच्या फडक्याला पुसला आणि स्टुलावर बसले. "मग बाई, तुम्ही चुकीच्या घरात आलात. फोटो नसेल तर मी देव करतो. देव कसाही केला तरी हा गणपती आमचा नव्हे, असं कुणी म्हणत नाही. माणसाचं तसं नसतं."

मी जागची हलले नाही. आमच्या गावापासून कागल एसटीनं तासाभरावर. तेवढा वेळ उभ्यानं येऊन मी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात पोचले होते आणि परत जाण्यासारखं माझ्याकडे घर उरलं नव्हतं. म्हणजे घर होतं, नवरा होता, सासू होती, दावणीला म्हैस होती. पोर नव्हतं. माझा भैरू एक वर्ष दहा महिन्यांचा होऊन घटसर्पानं तीन दिवसांत गेला, त्याला चार महिने झाले होते.

"मास्तर, तुम्ही आमच्या गावच्या हेडगुरुजींचा पुतळा केलात. शाळेतली पोरं अजून त्याच्यासमोर दंगा करत नाहीत. माझं एवढं काम करा."

"गुरुजींचे सात फोटो होते माझ्याकडे. एक तर पाठमोरा होता."

मास्तर पूर्वी चित्रकलेचे शिक्षक होते. नोकरी सोडून त्यांनी घरातच पुतळ्यांचं काम मांडलं होतं. घर कसलं, सगळा सोपा मातीनंच व्यापलेला. भिंतीकडेला ओल्या फडक्यांत गुंडाळलेली मुंडकी ओळीनं ठेवलेली, कोपऱ्यात मातीचं पिंप, खुंट्यांवर तारेचे सांगाडे. एका फळीवर कुठल्याशा संस्थेचे चेअरमन प्लास्टरमध्ये तीनदा उभे होते. पहिल्यात टक्कल, दुसऱ्यात थोडे केस, तिसऱ्यात दाट. मास्तरांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, तिसऱ्या चेअरमनच्याच डोक्यावर धुतलेलं पातेलं पालथं घातलं होतं. एरवी मला हसू आलं असतं.

"मला त्याचा चेहरा आठवेनासा झालाय," मी म्हणाले.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. पोर गेलं तेव्हा वाटलं होतं, याहून वाईट काही नाही. पण त्याहून वाईट होतं. आधी त्याचे कान गेले. एके दिवशी भाकरी थापताना आठवायला गेले, तर कान येईनात. मग हनुवटी गेली. त्या आठवड्यात सकाळी उठले आणि नाक कसं होतं तेच सुचेना. आई असून! डोळे घट्ट मिटून बसले तर अंगाचा वास आला, हाताचं वजन आलं, रडण्याचा आवाज आला, पण जिथं तोंड असायचं तिथं काहीच नाही. मी वेडी व्हायच्या बेतात होते, हे अगदी खरं आहे.

सुलोचनाबाई आतून म्हणाल्या, "अहो, बघा की करून. बाई कुठनं आलीया बघा."

मास्तरांनी नाइलाजानं पिंपातून मातीचा गोळा काढला.

दुपारपर्यंत त्यांनी चार चेहरे केले. माझं कपाळ मोजलं, गालाची हाडं मोजली, लोखंडी चिमट्यासारखं एक हत्यार होतं त्यानं माझ्या दोन डोळ्यांमधलं अंतर घेतलं. "पोर आईवर गेलं असेल तर इथून सुरुवात करू," म्हणाले. हात असा चालायचा की बघत राहावं. चिमूटभर माती लावली की गाल, अंगठा दाबला की डोळा. पण चेहरा पुरा झाला की माझं डोकं आपोआप नकारार्थी हलायचं.

"असं नव्हतं."

"मग कसं होतं? कपाळ मोठं?"

"एवढं नव्हतं."

"नाक बसकं?"

"असं नव्हतं, मास्तर."

चौथ्या वेळी त्यांनी हातातली लाकडी कोरणी टाकून दिली. "बाई, 'नव्हतं'नं मूर्ती होत नाही! होतं काय ते सांगा!"

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि कपाळ बडवून घेतलं. सुलोचनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

मास्तर वरमले. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाले, "एक सांगा. पोराला न्हाऊ कोण घालायचं?"

"सासूबाई."

"रोज?"

"चांगला चालायला लागेपर्यंत रोज."

"म्हणजे नाक ओढणं, डोकं वळवणं, सगळं त्यांनीच?"

"आमच्या गल्लीतली निम्मी नाकं त्यांनीच ओढलीत."

हे खरं होतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे; त्यांचं नाव हरणाबाई, पण गाव त्यांना हरणाक्का म्हणायचं. कुणाचीही लेक बाळंत झाली की आंघोळीला हरणाक्कांना बोलावणं. तान्ह्या पोराचं हाड मेणासारखं असतं, तेव्हाच वळवावं लागतं, म्हणायच्या. पाटावर पाय पसरून बसायच्या, पोराला नडग्यांवर निजवायच्या, आणि तेलाच्या हातानं डोकं गोल करायच्या, नाक चिमटीत धरून सरळ करायच्या. पोर बोंबलायचं, आई दाराआड रडायची, हरणाक्का ढिम्म. भैरूला मी एकदाही न्हाऊ घातलं नव्हतं. तेवढं मला घरात कोण विचारतंय!

"मग त्यांना घेऊन या," मास्तर म्हणाले. "डोळे विसरतात, बाई. हात विसरत नाहीत. मात्र उद्याच या. सोमवारी मी सोलापूरला पुतळा बसवायला चाललोय, दोन महिने येत नाही."

दोन महिन्यांत माझ्याकडे वासही उरला नसता.

एसटीत बसले तेव्हा मास्तरांचं म्हणणं पटलं होतं, पण आत्याबाईंशी बोलायचं कसं? चार महिने आम्ही एका चुलीवर स्वयंपाक करत होतो आणि एकमेकींशी शब्द बोलत नव्हतो. कारण फोटो नव्हता तो त्यांच्यामुळेच.

आदल्या वर्षी म्हसोबाच्या जत्रेत एक फोटोवाला आला होता. मागं मोटारगाडी रंगवलेला पडदा, पुढं खुर्ची. मी भैरूला नवं झबलं घातलं, तीट लावली, खुर्चीवर बसवलं. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालतोय तोवर आत्याबाई अनवाणी पळत आल्या आणि पोराला ओढून घेतलं. चारचौघांत मला म्हणाल्या, "पोराचा फोटू काडतीस? आविष्य सरतंय त्येचं! अक्कल गहान ठेवलीस काय?" गावात ही समजूत सगळ्यांचीच होती, पण इतकं चवताळून कुणी अंगावर जात नसे. त्यानंतर वर्षभरात पोर तसंच गेलं, फोटोबिटो न काढता. लोक घरात बसलेले असताना मी त्यांना म्हणाले, "फोटो काढू दिला नाहीस, म्हातारे. आता दाखव माझं पोर." सासूला म्हातारे म्हणाले, एकेरीत बोलले. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून बोलणंच बंद.

घरी पोचले तेव्हा त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"आत्याबाई, भैरूचं नाक तुमच्या हातांस्नी आठवतंय?"

त्यांनी मान वर केली नाही. लाकूड आत सारलं. मी मास्तरांकडे गेल्याचं, चार चेहऱ्यांचं, सगळं सांगितलं. "मला आठवंना झालंय," म्हणाले. त्या उठून मागच्या परड्यात गेल्या. झालं, म्हटलं. एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हतो आणि मी त्यांना सोबत न्यायला निघाले!

सकाळी मी उठले तर आत्याबाई धुवट लुगडं नेसून दारात बसल्या होत्या. मांडीवर फडक्यात बांधलेली तेलाची वाटी होती.

नवरा म्हणाला, "मेलेल्या पोराची मूर्ती कोण करतं का?" आत्याबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "तू म्हशीचं बघ."

मास्तरांनी त्यांच्यासाठी स्टूल मांडून ठेवलं होतं, समोर तारेच्या सांगाड्यावर मातीचं डोकं. आत्याबाईंनी त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

"ह्ये काय, पोर सुळावर दिल्यागत? खाली घ्या त्येला. मला पाट द्या."

"अहो आजी, सांगाड्याशिवाय माती उभी राहत नाही."

"तान्हं पोर कवा हुभं ऱ्हातंय?"

मास्तरांनी साधा गोळा काढून दिला. आत्याबाई पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाय पसरले आणि गोळा नडग्यांवर घेतला. मग वाटी सोडायला लागल्या.

"तेल नको, आजी. तेलानं माती धरत नाही. पाणी घ्या." मास्तरांनी बादली पुढे केली.

आत्याबाईंनी बोट बुडवलं आणि झटक्यात काढलं. "गार हाय की! गारठ्यात न्हाऊ घालू व्हय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल म्हातारी भ्रमिष्ट आहे. पण सुलोचनाबाई काही न बोलता आत गेल्या आणि पाणी कोमट करून घेऊन आल्या. आत्याबाईंनी ते मनगटावर टाकून बघितलं, मान डोलावली, आणि डोळे मिटले.

मग त्यांचे हात चालू झाले. आधी सगळं डोकं तळव्यांत घेऊन गोल गोल फिरवलं. कपाळावरून अंगठे दोन्हीकडे नेले. भुवयांच्या मधून चिमूट खाली ओढत आणली, एकदा, दोनदा, दहादा. हनुवटीखाली बोट दाबलं. कानाच्या पाळ्या खेचल्या. मास्तर हात पाठीमागे बांधून उभे होते. एवढा मोठा कारागीर, पण तोंड उघडं टाकून बघत होता. आणि मी नकळत पाटाजवळ सरकले होते. कारण चेहरा येत होता. मास्तरांनी केलेल्या चार चेहऱ्यांसारखा कॅलेंडरवरचा नव्हे. कुणाचा तरी खरा, रडून नुकताच गप्प झालेला.

आत्याबाई पुटपुटत होत्या. न्हाऊ घालताना नेहमीच पुटपुटायच्या. "सरळ हू दे गं बाई नाक माज्या राजाचं... झालं, झालं... येवडं तोंड धुतलं की मग निजायचं..." आणि मग ओंजळीनं कपाळावर पाणी सोडत म्हणाल्या, "डोळं झाक, म्हादू. पानी जाईल."

मला वाटलं मी चुकून ऐकलं.

"झाक म्हनते न्हवं, म्हादू."

"आत्याबाई," मी म्हणाले, "म्हादू कोण?"

त्यांचे हात थांबले. डोळे उघडले. नडग्यांवरच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं आणि अंगातून वारं गेल्यासारख्या त्या मागे सरकल्या.

मग त्या बोलल्या, माझ्याशी नाही, त्या मातीशीच बोलल्यासारख्या.

"माजा थोरला. तुज्या मालकाच्या आदीचा. अकरा म्हैन्याचा व्हता. तुज्या सासऱ्यांनी हौसंनं जत्रंत फोटू काडला त्येचा. आटव्या दिशी गेला. फोटू मागनं आला, त्यो गेल्यावर. पाकीट हातात दिलं मानसानं. मी तसंच चुलीत घातलं, गं. उगडून बगितला सुदीक न्हाई. त्येनंच माजं पोर खाल्लं म्हनलं." त्यांनी ओल्या हातानंच डोळे पुसले, कपाळभर माती लागली. "मग हळूहळू दिसायचा बंद झाला. चाळीस वर्सं झाली. आनि आज आला बग."

नवऱ्याला थोरला भाऊ होता, हे मला लग्न होऊन सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

"माजा आला," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे घाबरून पाहिलं. "तुजा कुटं हाय?"

मला त्यांची दया आली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला राग आला. मी माझ्या पोरासाठी आले होते. मास्तर सोमवारी जाणार होते. "परत करा," मी म्हणाले. "भैरू म्हणा. तोंडानं भैरू म्हणत करा."

मास्तरांनी दुसरा गोळा दिला. पहिला चेहरा उचलून शेजारच्या पाटावर ठेवला. आत्याबाईंनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी प्रत्येक चिमटीला "भैरू" म्हणत होत्या, मोठ्यानं, शाळेत पाढा म्हणतात तसं. भैरू, भैरू, भैरू. घाम आला त्यांना. मी समोर उकिडवी बसले होते आणि एकेक अवयव येताना बघत होते. कपाळ आलं. गाल आले. नाक आलं.

मास्तर खाली वाकले. लोखंडी चिमट्यानं त्यांनी नव्या चेहऱ्याचं नाक मोजलं, मग तोच चिमटा न हलवता शेजारच्या चेहऱ्याला लावलं. केसाचंही अंतर नव्हतं. कपाळही तेच. हनुवटीही तीच.

"माज्या हातांस्नी ह्येवडंच येतंय," आत्याबाई पुटपुटल्या. "सगळ्यास्नी ह्येच नाक वडलं मी. गावातल्या सगळ्यास्नी."

मास्तरांनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. "बाई, नीट बघा. यांनीच वळवलेलं पोर ते. कदाचित तुमचाही असाच असेल. असा होता का?"

मी पाहिलं. देवाशपथ, जीव डोळ्यांत आणून पाहिलं. हो म्हणायला माझं काय जात होतं? हो म्हटलं असतं तर तो चेहरा घरी आला असता, फळीवर बसला असता, आणि मी त्याला भैरू म्हटलं असतं. पण मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. माझ्यापाशी ताडून बघायला काही शिल्लकच नव्हतं. असा असेल. असा नसेल. मी त्याची आई, आणि मला ठाऊक नव्हतं.

"मला सांगता येत नाही, मास्तर."

ते ऐकलं आणि आत्याबाईंनी मूठ वळली. नडग्यांवरच्या चेहऱ्यावर अशी हाणली की माती पोळीसारखी चपटी झाली, फटकन पाटाखाली सांडली. "मोडा! जळ्ळं मेलं माजं हात! तुज्या डोळ्याम्होरं माजाच ठिवू व्हय मी? तुजा न्हाई तर कुनाचाच नगं!" आणि त्या शेजारच्या पाटाकडे वळल्या. मूठ पुन्हा वर गेली.

ती मूठ वर गेली तेव्हा मी लगेच हलले नाही, हे आज कबूल करते. एक क्षण माझ्या मनात आलं, मोडू दे. माझं गेलं, हिचंही जाऊ दे. चाळीस वर्षांनी आलेलं पोर हिच्या हातानंच पुन्हा जाऊ दे, म्हणजे हिला कळेल.

मग मी त्यांचं मनगट धरलं. म्हातारीच्या अंगात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. दोन्ही हात लावावे लागले.

"सोड मला, सुंद्रे!"

"न्हाई सोडत. मोडायचं न्हाई, आत्याबाई."

"तुजा कोन हाय त्यो? तुजा कोन लागतो?"

"माझे थोरले दीर लागतात."

हे कसं तोंडातून आलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी ठरवून बोलले नव्हते. पण बोलले आणि ते खरंच होतं. मोठ्या दिरासमोर मी बोडक्यानं उभी होते. झटापटीत पदर खांद्यावर पडला होता. त्यांचं मनगट सोडून मी पदर डोक्यावरून घेतला आणि मान खाली घातली, घरच्या कुणा वडीलधाऱ्यासमोर घेतात तसा.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाटावरच्या चेहऱ्याकडे. पुन्हा माझ्याकडे. त्यांची मूठ सैल झाली.

"अगं," त्या म्हणाल्या, "अकरा म्हैन्याचा हाय की त्यो. त्येला काय लाजतीस?"

मी पदर तसाच ठेवला. त्यांनी माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं आणि मातीच्या हातांनी मला कवटाळलं. भैरू गेल्यापासून आम्ही दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांत रडत होतो, त्या दिवशी परक्याच्या सोप्यात एका जागी रडलो. त्या त्यांच्या पोरासाठी, मी माझ्या. सुलोचनाबाई दारात पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या होत्या. मास्तरांनी ओलं फडकं पिळलं आणि म्हादूवर घातलं.

मास्तरांनी पुढं तो चेहरा प्लास्टरमध्ये ओतून दिला; आमच्या घरात तो अजून आहे. आत्याबाई गेल्या, त्यालाही आता तीस वर्षं झाली. मला पुढं दोन मुलगे झाले, त्यांना मीच न्हाऊ घातलं आणि प्रत्येक वाढदिवसाला त्यांचे फोटो काढले. भैरूचा चेहरा मला पुन्हा कधीही आठवला नाही.